लोकलहोस्ट म्हणजे नेमकं कोण? कंटेनरमधलं होम ऑटोमेशन आणि नेटवर्कचे घोळ

होम असिस्टंट, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर, डॉकरच्या कंटेनरमध्ये (एकाच मशीनवर प्रोग्रॅमला वेगळी खोली देणारी सोय) चढवलं त्या दिवशी सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं होतं. ब्राउझरमध्ये पोर्ट ८१२३ वर पान उघडलं, खातं तयार झालं, डॅशबोर्ड दिसला. मग एमक्यूटीटी, म्हणजे उपकरणांची आपसात निरोप पाठवायची पद्धत, जोडायला घेतलं. मॉस्किटो हा ब्रोकर, म्हणजे ते निरोप इकडून तिकडे पोहोचवणारा प्रोग्रॅम, त्याच मशीनवर, शेजारच्याच कंटेनरमध्ये चालू होता. पत्त्याच्या रकान्यात ‘लोकलहोस्ट’ लिहिलं, पोर्ट १८८३ टाकला आणि उत्तर आलं, कनेक्शन रिफ्यूज्ड. पासवर्ड बदलून पाहिला. मॉस्किटो बंद करून पुन्हा चालू केला. मग राउटरही बंद-चालू केला. दोन्ही कंटेनर एकाच मशीनच्या पोटात, त्यांचं बोलणं राउटरपर्यंत जातच नाही, आणि मी मात्र राउटरची वायर उपटत बसलो होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. त्यातून त्या मशीनच्या टर्मिनलवरून तपासलं, तर लोकलहोस्टवर ब्रोकर व्यवस्थित उत्तर देत होता. त्यामुळे डोकं आणखीच चक्रावलं.

लोकलहोस्ट, म्हणजेच १२७.०.०.१, याचा अर्थ ‘मी स्वतः’. टर्मिनलवर बसून मी तो शब्द वापरला तेव्हा ‘मी’ म्हणजे मशीन होतं. होम असिस्टंटने तोच शब्द वापरला तेव्हा ‘मी’ म्हणजे होम असिस्टंटचा कंटेनर होता आणि त्या कंटेनरच्या आत मॉस्किटो नव्हताच. पत्त्याच्या जागी ब्रोकरच्या कंटेनरचं नाव, ‘मॉस्किटो’, लिहिलं आणि क्षणात जोडणी झाली.

कंटेनरमधल्या नेटवर्कच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हाच घोळ असतो. प्रश्न बरोबर असतो, पण तो चुकीच्या जागी उभं राहून विचारलेला असतो.

प्रत्येकाची आपापली दुनिया

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नेटवर्क नेमस्पेस नावाची सोय आहे. डॉकर कंटेनर सुरू करतो तेव्हा त्याला अशी एक वेगळी नेमस्पेस मिळते. त्यात त्याचा स्वतःचा लूपबॅक (लोकलहोस्टचं कार्ड) असतो, एक आभासी नेटवर्क कार्ड असतं, राउटिंगचा वेगळा तक्ता असतो आणि पोर्टही पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे त्याचेच असतात. म्हणून एकाच मशीनवरचे तीन कंटेनर आपापल्या आत पोर्ट ८०८० वर बसले तरी भांडण होत नाही. भांडण होतं ते ते पोर्ट मशीनच्या बाहेरच्या अंगाला मांडायला गेल्यावर.

ही कार्डं एका आभासी स्विचला जोडलेली असतात. त्याला ब्रिज म्हणतात. डॉकरच्या मूळच्या ब्रिजचं नाव डॉकर-झीरो, आणि त्याचा पत्ता सहसा १७२.१७.०.१ असतो. कंटेनरमधून बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर मशीनचा पत्ता चिकटवला जातो, घरातला राउटर इंटरनेटवर जाताना करतो तसंच. म्हणजे घरातल्या राउटरच्या आत आणखी एक छोटा राउटर आहे असं समजा. कंटेनर बाहेरच्या कुणालाही हाक मारू शकतो. बाहेरच्यांना मात्र तो थेट दिसत नाही.

आता एकच पत्ता तीन ठिकाणांहून वाचून पाहा. कंटेनरच्या आतून, खुद्द मशीनवरून आणि घरातल्या तिसऱ्याच उपकरणावरून, म्हणजे फोन, स्मार्ट प्लग किंवा स्पीकरवरून. १२७.०.०.१ हा तिन्हींसाठी वेगळा आहे. १७२.१८.०.५ हा पत्ता पहिल्या दोघांना कळतो, तिसऱ्याला कळत नाही. ‘मॉस्किटो’ हे नाव फक्त पहिल्यालाच कळतं. १९२.१६८.१.१० असा घरच्या नेटवर्कमधला मशीनचा पत्ता मात्र साधारणपणे तिघांनाही कळतो. काही बिघडलं की मी आता आधी एवढंच कागदावर लिहितो : हाक कोण मारतंय, कुणाला, आणि कुठून.

एरर काय म्हणतोय ते नीट ऐका

लॉगमधला एरर लोक वाचतात, पण त्याच्या शब्दांकडे लक्ष देत नाहीत. ‘कनेक्ट होत नाही’ एवढंच मनात राहतं. खरं तर न जोडण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक प्रकार शोधाची दिशा दाखवतो.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ही मला आवडणारी बातमी आहे. पॅकेट कुठल्यातरी मशीनपर्यंत पोहोचलं, तिथून उत्तरही आलं, फक्त त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही. म्हणजे रस्ता ठीक आहे. पत्ता चुकलाय, पोर्ट चुकलाय किंवा तो प्रोग्रॅम सुरूच झालेला नाही. फायरवॉल मुद्दाम असा नकार देऊ शकते, पण ते क्वचित.

‘टाइमआउट’ म्हणजे पॅकेट वाटेत गडप झालं. उत्तर नाही, नकारही नाही. इथे फायरवॉलवर, म्हणजे पॅकेटं तपासून अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर, संशय घ्यावा, कारण बहुतेक फायरवॉल नको असलेलं पॅकेट गुपचूप टाकून देतात. दुसरा संशय पत्त्यांच्या टकरीवर. त्याबद्दल पुढे बोलू.

‘नो रूट टू होस्ट’ आलं तर एक तर त्या पत्त्याचं उपकरण नेटवर्कवर हजर नाही, किंवा वाटेतल्या फायरवॉलने ‘परवानगी नाही’ असं स्पष्ट कळवलंय. स्मार्ट प्लगचा पत्ता राउटरने रात्रीत बदलला की सकाळी हा एरर दिसतो. राउटरमध्ये त्या उपकरणाला कायमचा पत्ता राखून ठेवला की विषय मिटतो.

आणि नाव सापडलं नाही अशी तक्रार असेल तर अजून पॅकेट निघालेलंच नाही. पोर्ट, पासवर्ड, फायरवॉल यांतल्या कशालाही हात लावू नका, फक्त नावाचं बघा.

हे सगळं तपासायचं ते कंटेनरच्या आत जाऊन. ‘डॉकर एक्झेक’ने आत शेल उघडता येतो. आल्पाइन या छोट्या लिनक्सवर बेतलेल्या इमेजमध्ये (इमेज म्हणजे कंटेनर ज्यापासून बनतो तो साचा) बिझीबॉक्समुळे डब्ल्यूगेट, एनएसलुकअप आणि एनसी ही साधनं असतात, तेवढी पुरतात. काही इमेज इतक्या छाटलेल्या असतात की आत शेलसुद्धा नसतो. तेव्हा दुसरा तात्पुरता कंटेनर त्याच कंटेनरच्या नेटवर्कमध्ये उभा करायचा. डॉकर रनला नेटवर्कच्या जागी ‘कंटेनर’ हा शब्द, मग ‘:’ हे चिन्ह आणि त्या कंटेनरचं नाव दिलं की झालं. साधनं तुमची, पण दृष्टी त्या आजारी कंटेनरची.

पिंगवर मात्र फार विसंबू नका. पिंगला उत्तर आलं म्हणजे मशीन जिवंत आहे, पोर्ट उघडा आहे असं नाही. आणि उत्तर आलं नाही म्हणून मशीन मेलं असंही नाही.

इथेच एक बारीक गोष्ट, जिच्यात मी स्वतः एकाहून अधिक वेळा फसलोय. कंपोज फाइलमध्ये, म्हणजे कंटेनर आणि त्यांची सेटिंग जिच्यात लिहितात त्या फाइलमध्ये, पोर्ट किंवा नेटवर्क बदललं आणि ‘रीस्टार्ट’ दिलं, तर जुनाच कंटेनर जुन्याच सेटिंगसह पुन्हा उठतो. फाइलमधला बदल लागू व्हायला ‘अप’ द्यावं लागतं, तेव्हा कंटेनर नव्याने बनतो. आपण दहा प्रकारचे बदल करून पाहिले असं आपल्याला वाटत असतं, आणि त्यांतला एकही लागू झालेला नसतो.

नावं, पोर्ट आणि शेजारपाजार

कंटेनर एकमेकांना नावाने हाक मारू शकतात, पण त्याला एक अट आहे. डॉकरच्या मूळच्या ब्रिजवर ही सोय नाही. तुम्ही स्वतः बनवलेल्या किंवा कंपोजने बनवलेल्या नेटवर्कवरच ती मिळते. तिथे प्रत्येक कंटेनरच्या आत १२७.०.०.११ या पत्त्यावर डॉकरचा छोटा डीएनएस सर्व्हर बसलेला असतो आणि तो ‘मॉस्किटो’ म्हणजे कोण हे सांगतो.

कंपोज प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळं नेटवर्क बनवतं आणि प्रकल्पाचं नाव सहसा फोल्डरवरून घेतं. म्हणून होम असिस्टंट एका फोल्डरमध्ये आणि झिगबीटूएमक्यूटीटी (झिगबीची उपकरणं एमक्यूटीटीला जोडणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलं, तर दोघं एकाच मशीनवर असूनही एकमेकांना ओळखत नाहीत. एक सामायिक नेटवर्क हाताने बनवावं आणि दोन्ही फाइलींत ते ‘एक्स्टर्नल’ म्हणून लिहावं. लोक इथे कंटेनरचा १७२.१८ वगैरे पत्ता शोधून तो सेटिंगमध्ये घालतात. त्या दिवशी चालतं. पुढच्या अपडेटनंतर कंटेनर नव्याने बनतो, पत्ता बदलतो आणि ‘काहीच बदललं नाही तरी बिघडलं’ अशी तक्रार सुरू होते.

पोर्टच्या जोडीत डावा आकडा मशीनचा आणि उजवा कंटेनरचा. समजा १८८३ आधीच कुणीतरी अडवलाय म्हणून तुम्ही १८८४:१८८३ असं लिहिलं. फोनवरून किंवा ईएसपी बोर्डवरून (वायफाय असलेला छोटा सर्किट बोर्ड) जोडायचं तर १८८४. पण शेजारच्या कंटेनरने ‘मॉस्किटो’ नावाने हाक मारली तर पोर्ट १८८३ च, कारण तो मशीनच्या दारातून येतच नाही. दोन कंटेनर आपसात बोलणार असतील तर पोर्ट मशीनवर मांडायचीही गरज नसते.

मॉस्किटोचीच आणखी एक खोड. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या २.० या आवृत्तीपासून, सेटिंगमध्ये ‘लिसनर’ लिहिलेला नसेल तर तो फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. सुरक्षेच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय. पण कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर एकटाच, म्हणजे ब्रोकर बंद खोलीत स्वतःशीच बोलत बसतो. लॉगमध्ये तो ‘लोकल ओन्ली मोड’मध्ये सुरू झाल्याचं स्वच्छ लिहिलेलं असतं. सेटिंगमध्ये लिसनर १८८३ ही ओळ घालायची आणि त्यासोबत वापरकर्ता-पासवर्डाची फाइलही द्यायची. विनापासवर्ड प्रवेश चालू करून मोकळं व्हायचा मोह होतो, पण दाराचं कुलूप ज्या ब्रोकरवरून उघडतं तो असा सताड उघडा ठेवू नये.

सगळे कंटेनर एकदम ‘अप’ केल्यावर जोडणी होत नाही, पण थोड्या वेळाने हाताने रीस्टार्ट केलं की होते, अशीही तक्रार असते. कंपोजमधलं ‘डिपेंड्स ऑन’ फक्त सुरू करण्याचा क्रम पाळतं, समोरचा तयार होईपर्यंत थांबत नाही. ब्रोकरला हेल्थचेक, म्हणजे तो तयार आहे का याची तपासणी, लिहावा आणि ‘तो निरोगी झाल्यावरच सुरू हो’ अशी अट घालावी.

मध्ये प्रॉक्सी आली की

बाहेरून एचटीटीपीएसने उघडता यावं म्हणून लोक एनजिनएक्ससारखी रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन आत पोहोचवणारा मधला प्रोग्रॅम, पुढे बसवतात. मग होम असिस्टंट ‘४०० बॅड रिक्वेस्ट’ एवढंच म्हणतं. २०२१ च्या जुलैमधल्या आवृत्तीपासून अनोळखी प्रॉक्सीकडून आलेली विनंती ते थेट नाकारतं. एचटीटीपीच्या सेटिंगमध्ये एक्स-फॉरवर्डेड-फॉर (विनंती मुळात कुठून आली ते सांगणारी ओळ) वापरण्याला हो म्हणायचं आणि विश्वासू प्रॉक्सींच्या यादीत तिचा पत्ता लिहायचा. कुठला पत्ता? प्रॉक्सीचा जो पत्ता होम असिस्टंटला दिसतो तो, म्हणजे सहसा १७२.१८ च्या घरातला. तो लॉगमध्येच दिलेला असतो. एकटा पत्ता लिहिण्यापेक्षा त्या नेटवर्कच्या पत्त्यांची अख्खी पट्टी लिहावी आणि ती पट्टी कंपोजमध्ये ठरवून द्यावी, म्हणजे नेटवर्क पुन्हा बनलं तरी बदलत नाही.

पान उघडतं, लॉगिनही होतं, पण पुढे ‘कनेक्ट होऊ शकत नाही’ असं येत राहिलं तर प्रॉक्सी वेबसॉकेट, म्हणजे पान आणि होम असिस्टंट यांच्यातली सतत चालू राहणारी जोडणी, पुढे पाठवत नाहीये. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये अपग्रेडचे हेडर घातले की सुटतं. आणि होम असिस्टंटचं अपडेट केल्यावर ५०२ यायला लागलं तर एनजिनएक्स फक्त रीलोड करून पाहा. तो सुरू होताना नावाचा पत्ता एकदाच विचारून लक्षात ठेवतो आणि कंटेनर नव्या पत्त्यावर गेला तरी जुन्याच दारावर टकटक करत राहतो.

उलट दिशेने येणारी हाक

आतापर्यंत होम असिस्टंट हाक मारत होतं. पण पुष्कळ उपकरणं त्यालाच हाक मारतात आणि इथले बिघाड फसवे असतात, कारण अर्धं काम चालू असतं.

स्पीकरवरून घोषणा करायची आहे असं समजा. होम असिस्टंटला स्पीकर दिसतोय, आवाज कमी-जास्त होतोय, पण बोलायला सांगितलं की शांतता. होतं असं की होम असिस्टंट बोलण्याची ऑडिओ फाइल तयार करतं आणि स्पीकरला तिचा पत्ता देतं. फाइल आणायला स्पीकरला स्वतः यावं लागतं. ब्रिजवरच्या होम असिस्टंटला आपला पत्ता १७२.१८.०.५ वाटतो, तोच ते देतं आणि स्पीकर बिचारा त्या पत्त्यावर कधीच पोहोचत नाही. सेटिंगमधल्या नेटवर्कच्या पानावर अंतर्गत यूआरएल म्हणून मशीनचा घरातला पत्ता आणि ८१२३ लिहावा. तिथे सुबक नाव लिहायचा मोह झाला तर हेही लक्षात असू द्या की गूगल कास्टची उपकरणं राउटरने दिलेला डीएनएस सोडून गूगलचाच ८.८.८.८ वापरतात. तुमच्या घरापुरतं असलेलं नाव त्यांच्या लेखी अस्तित्वात नसतं. साधा आकडी पत्ता इथे सगळ्यात भरवशाचा.

सोनोसचे स्पीकर गाणं बदललं, आवाज वाढला अशा खबरा होम असिस्टंटच्या टीसीपी पोर्ट १४०० वर आणून देतात. तो पोर्ट मांडलेला नसेल तर हुकूम जातात, पण स्क्रीनवरची स्थिती शिळी राहते. ‘पाठवलेलं पोहोचतं, पण त्याच्याकडचं काही कळत नाही’ अशा कुठल्याही तक्रारीत ते उपकरण कुणाला आणि कुठल्या पोर्टवर कळवू पाहतंय हे शोधावं.

पत्त्यांची टक्कर

हा प्रकार विरळा, पण दिवस खाणारा. डॉकर नवीन नेटवर्कसाठी १७२.१७ ते १७२.३१ या पट्ट्यांतून एकेक पट्टी उचलतो. अशी १५ नेटवर्कं झाली की तो १९२.१६८ च्या घरात शिरतो. मशीनला स्वतःला ठाऊक असलेले रस्ते तो टाळतो, पण राउटरच्या पलीकडचं नेटवर्क त्याला कसं कळणार? कॅमेरे वेगळ्या नेटवर्कवर असतील आणि डॉकरने नेमकी तीच पट्टी घेतली, तर त्या मशीनवरून कॅमेऱ्याकडे निघालेलं पॅकेट ब्रिजवर जाऊन पडतं. लॅपटॉपवरून कॅमेरा दिसतो, होम असिस्टंटमधून दिसत नाही. कॅमेरे होते तेच आहेत, तुम्ही फक्त काल एक नवीन, असंबद्ध कंटेनर चढवलात. मशीनवरचा राउटिंगचा तक्ता पाहिला की टक्कर उघडी पडते. डॉकरच्या डेमनच्या (मागे सतत चालणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये पत्त्यांचा वेगळा साठा ठरवून द्यावा आणि वापरात नसलेली नेटवर्कं साफ करावीत.

उपकरणं आपोआप का सापडत नाहीत

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. जाहिरातीत नवीन दिवा लावताच तो ‘सापडला’ असं येतं आणि आपल्याकडे यादी रिकामी.

आपोआप सापडणं हे घरभर ओरडून विचारण्यासारखं आहे. एमडीएनएसमध्ये २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, यूडीपी पोर्ट ५३५३ वर, ‘अमुक सेवा कुणाकडे आहे का?’ अशी हाळी दिली जाते. एसएसडीपीची हाळी २३९.२५५.२५५.२५० वर, पोर्ट १९०० ला. याला मल्टिकास्ट म्हणतात. पहिल्या प्रकारातली हाळी तर आपल्या नेटवर्कच्या सीमेबाहेर जाऊच नये असा नियम आहे. ब्रिजवरच्या कंटेनरसाठी ती सीमा म्हणजे तो ब्रिज. होम असिस्टंट ओरडतं, शेजारचे दोन-तीन कंटेनर ऐकतात आणि आवाज तिथेच विरतो. दिव्याने स्वतः मारलेली हाकही आत येत नाही. पोर्ट ५३५३ मशीनवर मांडून हे सुटत नाही, कारण अडचण पोर्टची नाहीच. ‘अमुक डॉट लोकल’ अशी नावं आतून चालत नाहीत त्याचंही मूळ हेच. त्या नावांचा पत्ता याच हाळीतून मिळतो.

त्याच दिव्याचा आकडी पत्ता हाताने टाकला तर बऱ्याचदा सगळं चालतं. पाच-सहा उपकरणं असतील तर मी खुशाल असं करावं म्हणेन, त्यात कमीपणा काही नाही. पण अ‍ॅपलच्या होमकिटमध्ये फोनलाच होम असिस्टंट शोधायचं असतं, आणि २०२२ मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामायिक मानकाचा तर सगळा डोलारा आयपीव्ही६ आणि मल्टिकास्टवर उभा आहे. तिथे हाताने पत्ता टाकून भागत नाही.

मग उरतो होस्ट नेटवर्कचा रस्ता. यात कंटेनरला वेगळी नेमस्पेस न देता मशीनचीच वापरू देतात. होम असिस्टंटच्या अधिकृत सूचनांतही कंटेनरसाठी हेच सांगितलेलं आहे. यादी भरते, नावं कळतात, स्पीकर बोलतात. पोर्टच्या जोड्या लिहिलेल्या असतील तर त्यांना आता अर्थ उरत नाही, डॉकर तशी सूचना देऊन त्या बाजूला टाकतो. मशीनवर आधीच कुणी ८१२३ किंवा १९०० धरून बसला असेल तर ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ ऐकावं लागतं. ‘एसएस’ कमांडने पोर्ट कुणाच्या ताब्यात आहे ते कळतं.

विंडोज किंवा मॅकवर डॉकर डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी इथे फार आशा ठेवू नये. तिथे कंटेनर एका लपलेल्या लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात, त्यामुळे ‘होस्ट’ म्हणजे ते लपलेलं मशीन. घरातली हाळी सहसा तिथवर पोहोचत नाही. शिकायला ठीक, पण घर चालवायचं तर लिनक्सच.

मॅकव्हीलॅन नावाचा तिसरा मार्गही आहे. त्यात कंटेनरला घरच्या नेटवर्कवर स्वतंत्र पत्ता मिळतो, जणू ते वेगळं उपकरणच. दिसायला देखणा, पण मशीन आणि तो कंटेनर एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत, कर्नलच तसं होऊ देत नाही. आणि वायफायवर तो बहुधा चालत नाही. ज्याला हे सगळं आधीपासून समजतं त्याच्यासाठी तो चांगला आहे.

होस्ट नेटवर्क देऊनही यादी रिकामीच असेल, तर मात्र संशय बाहेर न्यावा. स्मार्ट उपकरणं पाहुण्यांच्या वायफायवर आहेत का, राउटरमध्ये एका उपकरणाला दुसरं दिसू न देणारी सोय चालू आहे का, नेटवर्क व्हीलॅनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांत, विभागलंय का. व्हीलॅनमध्येही हाळी सीमा ओलांडत नाही. ती पलीकडे पोहोचवायला अवाही या प्रोग्रॅमचा रिफ्लेक्टर किंवा राउटरमधली तशी सोय लागते.

होस्टवर गेल्यावर बदललेले नियम

होस्ट नेटवर्कवर गेलं की सुटतं, असं सांगून सल्ला देणारे निघून जातात. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर होम असिस्टंट उघडेना. टाइमआउट. मशीनवरून मात्र उघडत होतं.

मशीनवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू होती आणि ८१२३ ला परवानगी मी कधी दिलीच नव्हती. मग आदल्या दिवशीपर्यंत फोनवर कसं उघडत होतं? डॉकर मांडलेल्या पोर्टसाठी कर्नलमध्ये स्वतःचे नियम लिहितो आणि ती पॅकेटं यूएफडब्ल्यूच्या ज्या चौकीवर अडवली गेली असती तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच कंटेनरकडे वळवली जातात. होस्ट नेटवर्कवरचा कंटेनर मात्र मशीनवरच्या साध्या प्रोग्रॅमसारखा, त्याला चौकी चुकत नाही. घरच्या नेटवर्कच्या पत्त्यांवरून ८१२३ ला परवानगी दिली, फोन चालू.

याची दुसरी बाजू जास्त काळजीची आहे. यूएफडब्ल्यूमध्ये १८८३ बंद दिसत असला तरी डॉकरने मांडलेला ब्रोकर घरभर उघडाच असतो. तो फक्त मशीनपुरता ठेवायचा असेल तर पोर्टच्या जोडीआधी १२७.०.०.१ लिहावं. अर्थात मग वायफायवरचे ईएसपी बोर्ड त्याला गाठू शकणार नाहीत, तेव्हा आधी कोण-कोण जोडणार आहे ते मोजा.

प्रॉक्सीही अडकली. ती अजून ब्रिजवरच होती, तिच्यासाठी ‘होम असिस्टंट’ हे नाव आता नाहीसं झालेलं. ब्रिजवरून मशीनला हाक मारायला ‘होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल’ हे नाव आहे, पण लिनक्सवरच्या डॉकरमध्ये ते आपोआप मिळत नाही. कंपोजमध्ये एक्स्ट्रा होस्ट्सखाली ते होस्ट-गेटवेशी जोडून द्यावं लागतं. जोडलं, तर पुन्हा टाइमआउट, कारण ब्रिजवरून मशीनकडे येणारं पॅकेटही त्याच चौकीवर अडतं. त्या ब्रिजच्या पट्टीकडून ८१२३ ला येऊ द्यायचं असा आणखी एक नियम घातला. मग ४००, कारण विश्वासू प्रॉक्सींची यादी तपासायची राहिली होती. एरर बदलत होता याचा अर्थ मी पुढे सरकत होतो. अशा वेळी चिडचिड होते खरी, पण नाव न सापडण्यावरून टाइमआउट आणि टाइमआउटवरून ४०० ही प्रगती असते.

शेवटी एमक्यूटीटी राहिलं होतं. तेही तुटलेलं. लॉग म्हणत होता की ‘मॉस्किटो’ नावाचा पत्ता सापडत नाही. साहजिक होतं. होम असिस्टंट आता ब्रिजवर नव्हतं, त्यामुळे १२७.०.०.११ वरचा तो छोटा डीएनएसही त्याच्याजवळ नव्हता. मॉस्किटो मात्र ब्रिजवरच होता आणि त्याचा १८८३ मशीनवर मांडलेला होता. होम असिस्टंटचा ‘मी’ आता मशीनचा ‘मी’ झाला होता. पत्त्याच्या रकान्यातलं नाव पुसलं आणि पहिल्या दिवशी जे लिहून दोन तास वाया घालवले होते तेच पुन्हा लिहिलं : लोकलहोस्ट, १८८३. लगेच जोडलं गेलं.